दुसऱ्या बेसचं विचारायचं राहिलं

कुंदामावशी आज सकाळी गेली.

आता सांगायला हरकत नाही. शाळेतली ती सॉफ्टबॉलची फायनल आम्ही जिंकायलाच नको होती.

मावशी बँकेत क्लार्क, सुट्टीच्या दिवशी सॉफ्टबॉलची अंपायर. नागपुरात धरमपेठच्या मैदानावर दुसरं कोणी मिळेना, म्हणून माझ्या मॅचलाही तीच.

मैदानात मला नावानं हाक नाही. "बॅटर, लाइनच्या आत."

समोर पारशिवनीची शाळा. सहाव्या इनिंगला मी बॉल कुंपणापार मारला. होमरन. तरी चारही बेसना पाय लावत फिरावंच लागतं. नाचत धावले, आणि दुसऱ्या बेसला पायच लागला नाही. मला पत्ता नाही.

आता नियम असा की बेस सुटला तरी अंपायर आपणहून आऊट देत नाही. समोरच्या टीमनं पुढचा बॉल टाकायच्या आत, नेमका कोणता बेस ते सांगून, अपील करायचं. नाहीतर रन पक्का.

पारशिवनीच्या सरांना शंका आली. पण कोणता बेस ते दिसलं नव्हतं.

त्यांनी बॉल टाकणाऱ्या पिचरला पुढे केलं. "मॅडम, पहिला बेस सुटला."

मावशीनं दोन्ही हात पसरले. "सेफ."

"मग तिसरा."

"सेफ."

सर ओशाळले. "जाऊ दे, आपलीच नजर चुकली असंन."

पुढचा बॉल पडला. आम्ही एका रननं जिंकलो.

घरी मी कप मांडीवर घेऊन बसलेली. मावशी बूट काढत म्हणाली, "दुसऱ्या बेसले पाय नाही लागला तुया."

"मग आऊट काहून नाही दिलं?"

"त्यायनं विचारलंच नाही."

"पण तुले दिसलं होतं ना?"

"दिसलं वं. अंपायरनं पाहायचं असते, सांगायचं नसते."

म्हणाली खरं, पण तिथे थांबली नाही.

पुढच्या रविवारी मला घेऊन एसटीनं थेट पारशिवनी. पोरींना दोन तास अपील शिकवलं. नमुना म्हणून मला धावायला लावलं.

"हाच तो दुसरा बेस. हिनंच सोडला होता."

पोरी पोट धरून हसल्या. मी लाजेनं सोबत आणलेला कप परत द्यायला लागले, तर सर म्हणाले, "ठेव बाई. अपील आमचं हुकलं."

पुढल्या वर्षी पुन्हा तीच फायनल. घाईत माझा तिसरा बेस सुटला. त्यांची पिचर वैशाली बॉल हातात घेऊन शांतपणे म्हणाली, "मॅडम, तिसरा."

मावशीची आऊटची मूठ इतक्या आनंदानं वर गेली, की आईनं चार दिवस तिच्याशी अबोला धरला.

आम्ही हरलो. मावशीनं मला सीताबर्डीत नेऊन आइस्क्रीम खाऊ घातलं. कशाच्या आनंदात, ते मी विचारलं नाही.

आज वैशाली आली होती. आता पारशिवनीच्याच शाळेत शिकवते. मावशीच्या पायांशी बराच वेळ बसली.

निघताना म्हणाली, "आम्ही हरलो त्याचं कोणालेच काही वाटलं नव्हतं ताई. मॅडमले वाटलं."

मावशी, तुला मनापासून नमस्कार. सुखानं जा.