स्टोअरकीपरची साफसफाई

कारखान्यात त्याला सगळे 'झाडू' म्हणत. तो स्टोअरकीपर होता. वर्षभर ज्या वस्तूला कुणाचा हात लागला नाही ती भंगारात, हा त्याचा खाक्या. फोरमन गयावया करत, हा ढिम्म. फळ्या रिकाम्या दिसल्या की त्याला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटे. निवृत्तीनंतर घरातली कपाटं झाली, माळा झाला. उरला कॉम्प्युटर.

तेव्हा बायको हॉस्पिटलात होती. तिचं स्वरयंत्र काढावं लागणार होतं. पुढे ती टाइप करील आणि कॉम्प्युटर बोलेल, असं ठरलेलं. पण तो सुरू व्हायलाच युग घ्यायचा. तिला शब्दाशब्दाला ताटकळावं लागू नये म्हणून हा कंबर कसून बसला. अनोळखी प्रोग्राम एकेक करून काढले. त्यातल्या एकाचं नाव भलतंच अगडबंब. बायकोच्या भाचीने बसवलेला खेळबीळ असणार. 'यातली माहितीही पुसायची का?' कॉम्प्युटरने विचारलं. अर्धवट काम त्याला जन्मात खपलं नव्हतं. हो म्हणाला. वर डिस्क धुऊनपुसून काढणारा प्रोग्रामही चालवला.

बायको घरी आली ती गळ्याला पट्टी बांधून. थेट कॉम्प्युटरपुढे बसली, स्क्रीनभर शोधलं, मग पाटीवर लिहिलं, 'माझा आवाज कुठाय?'

ऑपरेशनआधी दुपारी दार लावून मावशी-भाची बसायच्या, त्या गप्पा छाटत असतील असं त्याला वाटलेलं. खरं तर बायको वाक्यांमागून वाक्यं वाचत होती आणि तो अगडबंब प्रोग्राम ती साठवत होता. पुढे टाइप केलेलं तिच्याच आवाजात ऐकू यावं म्हणून. नवऱ्याला गंमत दाखवायची होती.

भाचीला फोन लावला. तिच्याकडे प्रत नव्हती.

दुरुस्तीवाला आला, दुपारभर खपला. "प्रोग्राम पुन्हा बसवलाय, काका. रेकॉर्डिंग मात्र गेलं."

"गेलं म्हणजे? असेल की आत कुठेतरी सांदीकोपऱ्यात!"

"कोपरा ठेवलाय कुठे तुम्ही? मलासुद्धा इतकं स्वच्छ जमत नाही." मग तो सहज म्हणाला, "त्यात काय एवढं, काकूंचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करा."

मग दुरुस्तीवाल्याची नजर काकूंच्या गळ्यावरच्या पट्टीवर गेली. तो उगाच माऊस पुसत बसला.

प्रोग्रामसोबत आलेले तयार आवाज होते, त्यातला एक लावला. बायकोने टाइप केलं. स्टेशनवर गाड्या पुकाराव्यात तशा ठणठणीत सुरात कुणी परकी बाई म्हणाली, "अहो, घरात सवत आणलीत की!"

दुरुस्तीवाला फस्सकन हसला. स्टोअरकीपरही हसायला गेला. बायकोने तोंड ओंजळीत लपवलं होतं, खांदे गदगदत होते. थांबेचनात. एवढ्या संसारात शेजारच्या खोलीतूनही त्याला हसू कोणतं, रडू कोणतं ते कळायचं. आता हातभर अंतरावर बसून कळेना.

"अगं, काय झालं?" तो म्हणाला. "टाइप कर ना."