बांगडीवाल्या चाचांची उजळणी

शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर ते बांगड्यांची पेटी मांडून बसत. सगळे त्यांना चाचा म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. बारावीच्या वर्षी वडगाव रासाईची गाडी येईपर्यंत माझ्या इंग्रजीची उजळणी तेच घेत. मी वहीतला शब्द वाचून तो नाऊन की व्हर्ब ते सांगायची. उत्तरांचं गाईड चाचांच्या हातात असायचं.

"अंडर. अ‍ॅडजेक्टिव्ह."

"चुकलं."

"मग प्रिपोझिशन?"

"हां. मगाशी काय झालं व्हतं?"

चाचा एकदाही चुकले नाहीत. आमचे सर चुकायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वाऱ्यानं गाईडची पानं उलटली. मी उत्तर दिलं, तेव्हा समोर आलेल्या पानावरच्या पेनाच्या जाहिरातीवर बोट ठेवून चाचा म्हणाले, "बरोबर."

मी तडकले. "चाचा, तुम्हाला वाचता तरी येतं का?"

"न्हाई." एका बाईच्या हातात बांगडी चढवत ते शांतपणे म्हणाले, "बांगडी भरताना मी हाताकडं कुठं बघतो? तोंडाकडं बघतो. दुखायच्या आधी तोंडावर दिसतं. तुझं चुकलेलं बी तसंच दिसतं."

मी पास झाले. आता दौंडला इंग्रजी शिकवते. पुस्तक हातात उघडं धरते, पोरांच्या तोंडाकडं बघते आणि "चुकलं" म्हणते. बहुतेकदा जमतं. फक्त मागच्या बाकावरची एक पोरगी उत्तर देताना माझ्याच तोंडाकडं टक लावून बघते. तेव्हा मी घाईघाईनं फळ्याकडं वळते.