पाद्रीबाबांच्या गावचं चर्च

नवऱ्यानं टाकलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. नागपूरच्या कोष्टीपुऱ्यातल्या माझ्या माहेरच्या घरात दिवसभर माग चालत, आणि मला नळावर जायचीसुद्धा बंदी होती. लग्नाआधी शिकलेलं इंग्रजी टायपिंग वाया गेलं, असं मी धरूनच चालले होते.

आमच्याकडून पांढरं कापड नेणारे एक म्हातारे फ्रेंच पाद्री होते. फ्रान्समधल्या आपल्या खेड्यातल्या सातशे वर्षं जुन्या चर्चचा इतिहास ते इंग्रजीत लिहीत होते, आणि त्यांना टायपिस्ट हवी होती. देवाधर्माचा माणूस म्हणून वडील तयार झाले. "पण पुस्तक होईस्तोवरच जाय," म्हणाले. "मंग बंद."

रोज दुपारी दोन तास. पाया कुणी घातला, छत कितीदा जळालं, मला त्याचं काय पडलं होतं! पुस्तक संपलं की आपण पुन्हा घरात, एवढंच डोक्यात होतं. म्हणून मी मुद्दाम चुका करू लागले. कुठे ओळ गाळायची, कुठे साल उलटं टाकायचं, की पान पुन्हा करावं लागे. दोन महिन्यांचं काम मी नऊ महिने पुरवलं. पाद्रीबाबा एकदाही रागावले नाहीत. त्याची लाज मला आता वाटते, तेव्हा नाही वाटली.

मग एका प्रकरणात एक विधवा आली. जन्मभर आत राहून प्रार्थना करण्यासाठी चर्चच्या भिंतीला लागून तिला कोठडी बांधली, ती आत गेल्यावर दार चिणलं, आणि मेलेल्या माणसासाठी म्हणतात त्या प्रार्थना तिच्यासाठी म्हटल्या. 'हे तिनेच मागितले,' असं पुढे लिहिलं होतं. मला संताप आला.

"हे कोनं लिहून ठेवलं?" मी विचारलं.

"तेव्हाच्या पाद्र्यानं."

"तिले कोनी विचारलं काय?"

त्यांनी ते पान पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. "मले नाही माहीत," म्हणाले. "पण कागदात हाय तेच लिहा लागते."

त्या दिवशी मी धीर केला. सचिवालयात टायपिस्ट घेत होते. हातात कामाचं सर्टिफिकेट असतं तर वडिलांशी भांडता आलं असतं. मी मागितलं, आणि पाद्रीबाबांनी लगेच लिहून दिलं. वेळेवर येते. वागणूक उत्तम. मात्र चुका फार, काम संथ.

"बदलून द्या न, बाबा."

"मले दिसलं तेच लिहिलं, पोरी."

ते बदलून घ्यायचं तर नऊ महिने त्यांना फसवल्याचं सांगावं लागणार होतं. मग वागणूक उत्तम कोण लिहिणार? मी तो कागद तसाच घडी करून पदरात बांधला.

आता तरी ते कागद बदलतील म्हणून उरलेली पानं मी चार दिवसांत संपवली, एकही चूक न करता. शेवटचं पान डोळ्यांजवळ धरून ते खूश झाले. "आता जमून राहिलं तुले," म्हणाले. "अजून एक पुस्तक असतं तं चांगलं लिहून देलं असतं."

दुसरं पुस्तक नव्हतं. त्यांच्या गावाला चर्च एकच होतं.