उन्हाने नेलेला रंग

खड्यांना पैलू पाडणाऱ्या धाकट्या भावाला सगळे ‘भिंग’ म्हणत, कारण जेवतानासुद्धा त्याच्या कपाळावर भिंग असायचं. दुकान थोरल्याचं, घासायचं चाक भिंगाचं आणि दोघांचा कायमचा छत्तीसचा आकडा. थोरला पांढरे पुष्कराज किरणांच्या यंत्रातून पिवळेधमक करून आणायचा आणि ‘खाणीतलाच रंग’ म्हणून गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायचा. भिंग मात्र हट्टाने प्रत्येक खेपेतला एक खडा काळ्या पट्टीने अर्धा झाकून आठवडाभर खिडकीत ठेवायचा.

“खिडकीत खडे मांडतोस? कावळा नेईल!” थोरला खेकसला.

“कावळा फार तर खडा नेईल. तुझा रंग ऊनच नेतं.”

“जास्त शहाणपणा करू नकोस. गुमान काम कर.”

तेवढ्यात वहिनी आत आल्या. लग्नानंतर नवऱ्याने दिलेली पिवळ्या पुष्कराजाची अंगठी त्यांनी पुढे धरली. “भावजी, ही जरा उजळून द्या. महिनाभर माहेरी बागेत राबले, मातीने खडा पार पांढरा पडला.”

भिंगाने खिडकीतल्या खड्याची पट्टी काढली. अर्धा खडा पिवळा होता, अर्धा पाण्यासारखा. तो त्याने अंगठीशेजारी ठेवला. “मातीने नाही, वहिनी. उन्हाने.”

वहिनींनी दोन्ही खडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“म्हणून वीस वर्षं ‘उन्हात जाऊ नकोस, काळवंडशील’ म्हणत होतात होय! आणि मला मेलीला वाटायचं, यांना माझी काळजी.”