मकान खाली नाही

चोराला सगळेच भितात, मी कुलपाला भ्यायचे. हसू नका, खरं सांगते. त्या वर्षी नागपूरच्या कारभारातला आमचा बुऱ्हाणपूरकडचा मुलूख भोपाळच्या नव्या राज्यात गेला आणि बदलून आलेल्या बाबूलोकांनी शहर भरून गेलं. ज्याला त्याला मकान पाहिजे. सरकारी हुकूम असा, की मालकानं भाडेकरूला मनमानी काढायचं नाही. या कायद्यावर माझा फार जीव! पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की मकान खाली, म्हणजे रिकामं, झालं की ते कोणाला द्यायचं, हे कचेरी ठरवणार. लोधीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्या आम्हाला अशाच मिळाल्या होत्या, तेव्हा मला चांगलं ठाऊक होतं.

हे शाळामास्तर, तेव्हा ट्रेनिंगला जबलपूरला गेलेले. मला सातवा महिना. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच. तुकईथडहून माय बैलांची दमणी घेऊन न्यायला आली.

"माय वं, कुलूप लागलं की मकान गेलं समज. मग लेकरू घेऊन कुठं येऊ?"

"सामान आत, कुलूप बाहेर. घर काय कोणी खातंय?" माय म्हणाली. पाटलासमोरही न दबणारी बाई ती, तिच्यापुढं माझं काय चालणार!

राखेची चूल टाकून गावाला गेलं तर लक्ष्मी रुसते, म्हणून मायनं राख काढून चूल पांढऱ्या मातीनं पोतारली. घर सारवलं, भांडी घासून पालथी घातली, अंथरुणाचं गाठोडं दमणीत टाकलं. आमच्याकडं गावाला जाताना घर असंच ठेवतात. पण ते पाहून या घरात कोणी राहतं असं वाटतच नव्हतं.

तेवढ्यात कचेरीचा बाबू दारात. कोणीतरी चुगली केली असणार. मागं एक बाई, कडेवर तापानं मलूल झालेलं पोर. बाबू सरळ आत आला, चुलीकडं पाहिलं.

"चूल तो ठंडी है. मकान खाली दिखता है."

घरमालक धावत आला. "खाली नाही साहेब! मास्तरच्या घरचे राहतात!" त्याला माझा पुळका नव्हता हो. कचेरीतलाच माणूस घुसला तर जन्मभर हलणार नाही, याची त्याला धडकी. पण त्या घडीला तो मेला मला देवासारखा वाटला.

"राहतात, तर सामान गाडीत का?" बाबूनं विचारलं.

मी सरळ चुलीपुढं बसले आणि त्या ओल्या मातीवरच काटक्या रचल्या. काडी ओढली.

"अवं, ओली आहे, तडकेल!" माय ओरडली.

"तडकू दे! मी कुठं जात नाही. साहेब, लिहून घ्या, मी इथंच राहते आणि इथंच बाळंत होणार!"

घरभर धूर झाला. बाबू खोकत खोकत बाहेर पडला, सायकल घेऊन निघून गेला. त्याच्या मागं आलेली बाई मात्र पायरीवर टेकली.

"बाई, तुम्ही तर जाणार होत्या ना?" तिनं विचारलं. आपल्यासारखीच मराठी बोलत होती. "धर्मशाळेवाले आता निघा म्हणतात. याचे बाबा बदलून आलेत, दिवसभर कचेरीत. पोराला घेऊन मी बसू तरी कुठं?"

मला वाटलं, ही मीच आहे, दोन महिन्यांनंतरची.

मायनं तिला पाणी दिलं. पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग दमणीकडं गेली, माझं गाठोडं उचलून आत आणलं.

"गावाला नको येऊ वं," ती मला हळूच म्हणाली. "सुईण मी इथंच आणते."

आणि ती बाई पायरीवरून उठायच्या आधीच मायनं आतून कडी लावून घेतली.