सात मिनिटांचा मेसेज

माह्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीले मी दीड वर्ष पाह्यलंच नव्हतं! सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर ओळख झाली. ती आर्वीकडची, मी सिंदीची. गणितापासून सुरू झालं आन मंग घरचं, मनातलं, सगळंच. तिले टाइप करायचा कंटाळा, सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवे. आई म्हणे, न पाह्यलेली पोरगी कायची मैत्रीण? मले लय राग ये. आईले एकदा दाखवूनच द्यायचं होतं.

मंग तिच्या बाबाले सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं. मी डबा घेऊन सकाळच्या गाडीनं गेली.

भेटली, तर ती धड बोलेचना. एक शब्द, मंग थांबे, मंग दुसरा. मी आपली तिचे वाक्यं पुरे करून देऊन राह्यली. बाबाचं विचारलं, डबा उघडला, तरी तेच. मले वाटलं, इले मी आवडलीच नाई, आई खरी ठरली. शेवटी विचारलंच, "माह्यावर रागावली का वो?"

"नाई वो. मी अशीच बोलतो. रोज तर ऐकते तू."

तेव्हा डोक्यात लाइट लागला. तिचे मेसेज मी गाडीत, गर्दीत उभ्यानं, दुप्पट स्पीडवर ऐकायची! माह्या डोक्यातली ती म्हणजे फटाफट बोलणारी पोरगी होती. सांगून टाकलं तिले.

ती हसली नाई. "मंग भरतीत माह्यं दोन मार्कांनं गेलं तेव्हाचा मेसेज? मी रडून राह्यली होती त्याच्यात."

आठवला मले तो. दुप्पट स्पीडवर ते रडणं हसण्यासारखं वाटलं होतं. मले वाटलं, सोतावरच हसून राह्यली. म्हणून मी पाच हसरे इमोजी पाठवले होते. जमिनीत जावं असं झालं.

ती पोळी तोडत म्हणाली, "मले वाटलं, तू मले हसवून राह्यली. घरी सगळे तोंड पाडून बसले होते, तू एकटीच तशी नव्हती. मंग हसली मी."

आता ही जवळीक खरी का चुकून झालेली, मले अजूनबी सांगता येत नाई. परतीच्या गाडीत तो मेसेज शोधला, साध्या स्पीडवर लावला. मधात माह्यं नाव घेऊन ती थांबली होती, बराच वेळ, जशी काही मी बाजूलेच बसली आहे. सिंदीले उतरली आन प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून, इतक्या महिन्यांनी, त्या मेसेजचं उत्तर रेकॉर्ड केलं. सुरुवातीले मलेबी बोलता आलं नाई. ते तसंच पाठवून देलं.