अंगठीचा हात
तुम्ही पाठवलेल्या तुमच्या फोटोत शर्टावर जुन्या अमेरिकी सिनेमातला गुंडांचा म्होरक्या दिसला आणि बोरी गावातल्या आमच्या घराची ओसरी आठवली. तो सिनेमा पाहिल्यापासून माझे दीर त्या म्होरक्यासारखाच, लोकांनी चुंबन घ्यावं म्हणून अंगठीचा हात पुढे धरायचे. एकदा म्हातारा मेंढपाळ आला. "मालक, मेंढरं शेतात शिरली म्हणून तुमचे गडी माझ्या लेकाला मारतो म्हणायलेत. थांबवा त्यांना." दिरांनी ऐटीत हात पुढे केला. हातावर हात ठेवला की वचन, ही आपल्याकडची रीत. म्हाताऱ्यानं लोकरीचा वास येणारा हात त्यावर ठेवला. "मालकानं वचन दिलं, आता भ्या न्हाई," म्हणत तो गेला. "भावजी, गड्यांना सांगा," मी म्हणाले. "वहिनी, ती नक्कल होती," ते हसले. संध्याकाळी म्हाताऱ्याच्या लेकाला बैलगाडीतून ओसरीपुढे आणलं, पाय मोडलेला. म्हातारा नुसता दिरांच्या हाताकडे बघत राहिला. तुमच्या शर्टावरही तसाच हात पुढे आहे; इथे तो हात कुणी विसरलेलं नाही, म्हणून तो फोटो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.